खात्री पाचपैकी पाच

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोज लिहायचं. कमीत कमी पाच ओळी. ही जाऊन आज अकरा आठवडे झाले. भेटायला येणारे थांबले आहेत, त्यामुळे सकाळी वेळ असतो. शोक करत बसण्याचा माझा स्वभाव नाही. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने वस्तुस्थिती स्वीकारायला हवी. मी ती स्वीकारली आहे.
दुसरा संकल्प: मुलीला त्या संध्याकाळचा वृत्तान्त एकदाचा लेखी पाठवणे. दर रविवारी फोनवर तेच विचारते, आई आदल्या संध्याकाळी नक्की काय म्हणाली. इन्शुरन्स कंपनीत क्लेम तपासते, त्यामुळे तिला सवयच लागली आहे. मी दर वेळी खरं तेच सांगतो. अ‍ॅसिडिटी झाली होती. औषध दिलं. झोपली. हार्ट अ‍ॅटॅक पहाटे आला. तो वेगळा.
पाचाच्या वर ओळी झाल्या. उद्याची सूट.

६ ऑगस्ट, बुधवार
शाळेत नोटीस आली. विज्ञान शिक्षकांना चार शनिवारचं प्रशिक्षण. विषय: विद्यार्थ्यांचे विज्ञानातले गैरसमज. मुख्याध्यापकांनी माझं नाव परस्पर देऊन टाकलं. म्हणाले, सर, तुम्ही जरा घराबाहेर पडा. मी म्हटलं, सत्तावीस वर्षं मुलांचे गैरसमजच काढतोय, मला तिथे शिकवायलाच बसवतील. गणितवाले वहीतून मान वर न करता म्हणाले, मग शिकवून या की.
माणूस खवचट आहे. ही गेली तेव्हा मात्र आठवडाभर दोन्ही वेळचा डबा त्यांच्याच घरून आला, तेही नोंदवायला हवं.

९ ऑगस्ट, शनिवार
प्रशिक्षक बाई माझ्या मुलीपेक्षा लहान असतील. आल्या आल्या चाचणी. वीस प्रश्न. प्रत्येकापुढे तीन रकाने: उत्तर, कारण, आणि खात्री किती, एक ते पाच.
सगळ्यांच्या आधी पेपर दिला. खात्रीच्या रकान्यात सरसकट पाच. शेजारचे शिक्षक कुठे दोन, कुठे तीन लिहीत होते. वर्गात उभे कसे राहत असतील देव जाणे.
सतरावा प्रश्न विज्ञानाचा नव्हताच. बाईचं वय चोपन्न, संध्याकाळपासून जबडा आणि पाठ दुखते, घाम, मळमळ. काय कराल? वय वाचून जरा थांबलो. मग लिहिलं: अ‍ॅसिडिटी, औषध देऊन विश्रांती. कारणाच्या रकान्यात जागा कमी होती. लिहिलं: अनुभव. खात्री ५.

१० ऑगस्ट, रविवार
मुलीचा फोन. आज नवीन प्रश्न. आई जबडा दुखतो म्हणाली होती का? शेजारच्या वहिनींनी तिला सांगितलं म्हणे. त्या वहिनींना दुसरं काम नाही. मी सांगितलं, दाढ होती एक, डेंटिस्टकडे न्यायचंच होतं. ती म्हणाली, किती वाजता म्हणाली? मी म्हटलं, आवाज तुटतोय. आवाज तुटत नव्हता.
वृत्तान्त लिहायला घेतला. वर तारीख टाकली, समास आखला. बाकी पुढच्या रविवारच्या आत.

१६ ऑगस्ट, शनिवार
बाईंनी आज एक चांगली गोष्ट सांगितली, वर्गासाठी उतरवून घेतली. उत्तर चुकलं आणि खात्री कमी, म्हणजे माहिती नाही. ती देता येते. उत्तर चुकलं आणि खात्री पूर्ण, म्हणजे गैरसमज. तो काढणं फार अवघड, कारण त्या माणसाला आपलं काही चुकतंय हेच ठाऊक नसतं. मी बराच वेळ मान डोलावली. असे नमुने पुष्कळ पाहिलेत.
नंतर प्रत्येकाने आपला एक प्रयोग दाखवायचा होता. मी माझा नेहमीचा दाखवला. बशीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर ग्लास पालथा. मेणबत्ती विझते, पाणी आत चढतं, कारण ऑक्सिजन संपला. बाईंनी छान म्हटलं आणि त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या लावल्या. पाणी दुपटीने चढलं. विचारलं, ग्लास तोच, मग ऑक्सिजन वाढला कुठून? लोक हसले. मग त्यांनीच सांगितलं की ज्योतीने हवा तापते, थोडी बाहेर निसटते, विझल्यावर उरलेली थंड होऊन आक्रसते, म्हणून पाणी चढतं. मी म्हटलं, मेणबत्त्या हलक्या दर्जाच्या असाव्यात.
घरी तपासणार.

१७ ऑगस्ट, रविवार
तपासलं. एक, दोन, तीन मेणबत्त्या. पाणी दर वेळी जास्त. चौथीला ग्लास तडकला. हिचा पाणी प्यायचा होता.
प्रयोग चालू असताना फोन दोनदा वाजला. हात ओले होते.
निष्कर्ष राखून ठेवला आहे.

२३ ऑगस्ट, शनिवार
पेपर परत मिळाले. वीसपैकी आठ.
शेजारच्या दोन-तीनवाल्यांनाही आठच. पण बाई म्हणाल्या, त्यांचा गैरसमज एकच, बाकीचं माहीत नाही इतकंच. माझ्या बारा चुकांपुढे बारा पाच आहेत. गटात सर्वांत जास्त. हे त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, हळू आवाजात, एखाद्याला आजार सांगावा तसं. मला असलं हळू बोललेलं आवडत नाही.
सतराव्याला लाल गोल. खाली लिहिलंय: ही हृदयविकाराची लक्षणं असू शकतात. बायकांत पुष्कळदा छातीत दुखतच नाही. थांबू नये, लगेच हॉस्पिटल.
मी सांगितलं की हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. त्यांनी विचारलं, अनुभव लिहिलंय, कसला अनुभव? मी म्हटलं, सर्वसाधारण.
पेपर स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये, टेबलक्लॉथखाली ठेवला. तिथे कुणी बघत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
स्वयंपाकघरातलं कॅलेंडर मे महिन्यावरच राहिलं होतं. आज पान उलटायला काढलं. हिचं अक्षर बारीक. दूध जास्त, गॅस लावला, असल्या नोंदींत बारा तारखेला: जबडा. पंधराला: जबडा, पाठ. सोळाला: ह्यांना सांगितलं. सतराला: ह्यांना परत सांगितलं. अठराचा चौकोन रिकामा.
दूध आणि गॅसमध्ये मिसळून लिहिलेलं कुणाच्याही नजरेतून सुटलं असतं. शिवाय मी कॅलेंडर बघत नसे, ते तिचं खातं.
पान उलटून परत खिळ्याला लावलं. मुलीचा फोन आला, म्हणाली गुरुवारी येते. सुट्टी घेतली आहे. वृत्तान्त आता लेखी नको, समोरासमोर सांगू. ते जास्त बरं.

२८ ऑगस्ट, गुरुवार. सकाळी ७
मुद्दे काढले, म्हणजे बोलताना गोंधळ नको.
१. सात वाजता पाठ दुखते म्हणाली. घाम होता. त्या दिवशी उकाडा होता.
२. गुलाबी औषध दोन चमचे दिलं.
३. आठला म्हणाली, डॉक्टरकडे जाऊन येऊ या का? मी म्हटलं, हृदय डावीकडे असतं, तुझं जबड्यात दुखतंय, हृदय काय तोंडात येतं? तीही हसली.
४. दहाला झोपली.
तिसरा मुद्दा सांगावा की नाही ते वेळेवर ठरवू.

२८ ऑगस्ट, गुरुवार. दुपारी ३
मुलगी आली. वाळली आहे. मी चहा टाकला. ती आईचा चष्मा शोधत होती. म्हटलं, कपाटात बघ. तिने ड्रॉवर उघडला. चष्मा टेबलक्लॉथखाली निघाला. पेपरही.
उभ्यानेच वाचला. मला वाटलं गुण बघतेय, म्हणून सांगितलं की काहीच तयारी नव्हती, आयत्या वेळी घेतली चाचणी. तिने वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, ही तारीख बरोबर आहे ना, नऊ ऑगस्ट? मी म्हटलं, हो. म्हणाली, म्हणजे आई गेल्यावर तीन महिन्यांनी. मी म्हटलं, तीनला दहा दिवस कमी.
मग खुर्चीत बसली. म्हणाली, बाबा, मला इतके दिवस वाटत होतं तुम्ही खोटं बोलताय. म्हणून सारखी विचारत होते. मी म्हटलं, मी जन्मात तुझ्याशी खोटं बोललो नाही. ती म्हणाली, हो, तेच कळलं आत्ता. खोटं बोलत असतात तर बरं झालं असतं.
मी वहीतलं मुद्द्यांचं पान उघडलं.
चष्मा पर्समध्ये ठेवला. कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, मागे उलटून मे बघितला, गुंडाळून घेतलं. पेपर होता तिथे नीट घडी करून ठेवला. जाते म्हणाली. दोनच्या बसने गेली. चहा तसाच होता, मी प्यायलो.

३० ऑगस्ट, शनिवार
शेवटचं प्रशिक्षण. तीच चाचणी पुन्हा. प्रगती मोजायला, म्हणे.
मेणबत्ती बरोबर लिहिली. बाकीचंही. सतराव्याला: ताबडतोब हॉस्पिटल. कारणाच्या रकान्यापाशी वेळ लागला. बाई दोनदा येऊन गेल्या. म्हणाल्या, सर, शेवटची पाच मिनिटं. लिहिलं: अनुभव. खात्री ५.

३१ ऑगस्ट, रविवार
फोन नाही. लाइन तपासली, चालू आहे. उगाच फोन करून तिला त्रास देऊ नये. पुढच्या रविवारी ती करेलच.

७ सप्टेंबर, रविवार
फोन नाही. मी केला. वाजून वाजून थांबला.

८ सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळी
शाळेत निकाल आला. वीसपैकी साडेएकोणीस. गटात सर्वाधिक सुधारणा माझी. मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. गणितवाले उठून हात मिळवायला आले.
प्रमाणपत्र आहे. स्वयंपाकघरातला खिळा रिकामा होता, तिथे लावलं.
अर्धा गुण सतराव्याला कापला आहे. उत्तर बरोबर. कारणापुढे शेरा: अनुभव हे कारण होत नाही, शास्त्रीय कारण लिहावे.
फेरतपासणीसाठी अर्ज करता येतो. लिहायला घेतला. तारीख टाकली, समास आखला.