गाळा क्रमांक ४३ च्या मागणीअर्जावरील सही अर्जदाराचीच असल्याबाबत

प्रति,
मा. गाळेवाटप अधिकारी साहेब,
श्रमिक गृहवसाहत कार्यालय,
सोलापूर.

अर्जदार : गुरुलिंग सिद्रामप्पा हविनाळे, वय ५२, धंदा गिरणीत मागावर, राहणार मल्लप्पाची चाळ, साखर पेठ, सोलापूर.

विषय : गाळा क्र. ४३ च्या मागणीअर्जावरील सही बनावट असल्याची अर्जदाराने स्वतः केलेली तक्रार अर्जदार स्वतःच मागे घेत असल्याबाबत.

संदर्भ : १) आपले वाटपपत्र दि. १० सप्टेंबर १९७४.
२) अर्जदाराचा तक्रारअर्ज दि. १६ सप्टेंबर १९७४.
३) आपले पत्र दि. ४ नोव्हेंबर १९७४, ज्यात पोलिसांचा उल्लेख आहे.

महोदय,

१. अर्जदार वरील पत्त्यावर तेवीस वर्षे भाडेकरू आहे. दरमहा सात रुपये भाडे देतो आणि पावती हातात पडल्याशिवाय उंबऱ्यावरून हलत नाही. हा अर्ज त्याने स्वतःच्या हाताने लिहिला आहे. कोर्टासमोर टंकयंत्र घेऊन बसणाऱ्यांकडे तो गेला नाही, कारण आपण काय सांगतो आणि ते काय छापतात याचा मेळ कोण घालणार?

२. दि. १२ सप्टेंबर रोजी अर्जदार पाळीवरून परतला, तेव्हा घरमालक मल्लप्पा पायरीवर बसला होता. त्याच्या हातात अर्जदाराच्या नावचे सरकारी पाकीट होते व ते फुटलेले होते. "पेढे कधी देताव, गुरुलिंगप्पा? घर लागलं की तुमाला!" असे तो म्हणाला. तेवीस वर्षांत मल्लप्पा अर्जदाराच्या सुखाने कधी सुखावला नव्हता. पाकिटातील पत्रात लिहिले होते की, अर्जदाराच्या मागणीअर्जानुसार त्यास गाळा क्र. ४३ मंजूर झाला असून त्याने भरलेली अनामत रक्कम रु. ९६० पोचली आहे.

३. अर्जदाराने मागणीअर्ज केलेला नव्हता. नऊशे साठ रुपये त्याने आयुष्यात एकत्र पाहिलेले नव्हते. सबब, पत्र खोटे असले पाहिजे असे त्याचे मत झाले. मल्लप्पा दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "सामान हलवायला माझी बैलगाडी न्या, भाडं नको." तेव्हा ते मत पक्के झाले. भाडेकरूला दुसरे घर मिळाले की जुन्या खोलीवरचा त्याचा हक्क जातो, हे अर्जदारास कामगार संघटनेच्या वाचनालयात समजले. सात रुपयांची खोली रिकामी झाली तर मल्लप्पास नवा भाडेकरू साठ देईल आणि वर पागडी देईल. एवढ्यासाठी माणूस खोटे पत्र छापून घेईल, यात अर्जदारास काही विशेष वाटले नाही.

४. अर्जदार असा संशयी का, हे आपल्यास कळावे म्हणून मागची हकीकत देणे भाग आहे. अर्जदाराचे वडील कै. सिद्रामप्पा याच गिरणीत मागावर होते. सन १९२८ मध्ये त्यांचा पगार चोवीस रुपये होता. त्या वर्षी त्यांनी तीनशे दहा रुपयांत धाब्याच्या दोन खोल्या बांधल्या. म्हणजे तेरा महिन्यांच्या पगारात घर झाले, ते निरक्षर असून झाले. सन १९५१ मध्ये गिरणी सात महिने बंद पडली. तेव्हा सिद्धप्पा नावाच्या कापड-दलालाकडून अर्जदाराने नऊशे रुपये घेतले व घर गहाण ठेवले, निदान तसे त्याला वाटले. सिद्धप्पा म्हणाला होता, "गहाणखत हाय, घरच्यासारखं समजा, सही करा." गिरणी सुरू झाल्यावर अर्जदार पहिला हप्ता घेऊन गेला, तेव्हा त्याने कागद दाखवला. ते खरेदीखत होते. सही अर्जदाराची होती, स्वच्छ, वळणदार. त्या दिवसापासून अर्जदार शाळेच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा दोनदा वाचल्याशिवाय सही करीत नाही. एकदाच चुकला, ते पुढे येईल.

५. आज अर्जदाराचा पगार भत्त्यासह दोनशे अडुसष्ट रुपये आहे. बापाच्या अकरा पट. त्याच गल्लीतले तसलेच दोन खोल्यांचे घर परवा चौदा हजारांना गेले. अर्जदाराने व त्याच्या बायकोने अन्न, पाणी व कपडा सोडून निव्वळ पगार साठवला, तर चार वर्षे चार महिन्यांनी ते घर येईल, आणि तोवर त्यात राहायला दोघांपैकी कोणी उरणार नाही. म्हणूनच दि. १६ सप्टेंबरच्या तक्रारअर्जात अर्जदाराने लिहिले की, "माझ्या पगारात घर येऊच शकत नाही, सबब मला घर मिळाल्याचे पत्र हे खोटे असून त्यामागील सही बनावट आहे." याहून मोठा पुरावा त्याच्यापाशी नव्हता. आपण त्यावरून वाटप थांबवले. कार्यालयाने अर्जदाराचे इतके तत्परतेने ऐकण्याची ही पहिलीच वेळ असल्याने त्यास त्याचाही थोडा संशय आला.

६. यानंतर अर्जदाराने मल्लप्पावर नजर ठेवली. त्यात काही निष्पन्न झाले नाही. मग नजर घराकडे वळली. अर्जदाराची एकुलती मुलगी महानंदा, वय २४, अविवाहित, ही टेलिफोन कचेरीत ऑपरेटर आहे. तिच्याकडे पाहुणे पाहायला येतात व ती नकार देते. घरी ती पगार साडेतीनशे सांगते. अर्जदारास तोही आकडा मोठा वाटे, कारण मागावर एकतीस वर्षे उभे राहून त्याला तेवढा मिळत नाही. पण कचेरीतल्या शिपायाने सहज बोलता बोलता ऑपरेटरचा पगार तीनशे एक्क्याण्णव सांगितला. एक्केचाळीस रुपये महिन्याला कुठे जातात? मुलगी रविवारी "सिद्धेश्वराला जाऊन येते" म्हणून निघते आणि तीन-तीन तास येत नाही. एवढा वेळ देवसुद्धा कोणाला देत नाही.

७. दि. २७ ऑक्टोबर, रविवार रोजी अर्जदार सायकलवरून तिच्या बसमागे गेला. बस देवळापाशी थांबली, महानंदा उतरली नाही. ती उतरली थेट शहराबाहेर, आपली वसाहत जिथे उभी राहत आहे त्या माळावर. अर्जदार सायकल विटांच्या ढिगामागे लावून चालत गेला. दार नसलेल्या एका घरात महानंदा एका अनोळखी माणसाबरोबर उभी होती व दोघांनी टेपची दोन टोके धरली होती. त्या क्षणी अर्जदाराच्या मनात जे आले ते सरकारी कागदावर लिहिण्यासारखे नाही. बाहेरच्या भिंतीवर डांबराने ४३ लिहिलेले होते, ते त्याला नंतर दिसले.

८. तो इसम बिरदेव नावाचा गवंडी होता. अर्जदार आत शिरताच तो म्हणाला, "या की. ताई म्हणत्यात ओटा खिडकीखाली घ्या. आईला धुराचा खोकला हाय." मग महानंदाकडे वळून त्याने विचारले, "हे कोण?" ती म्हणाली, "हेच मालक हायत घराचे."

अर्जदाराने विचारले, "कुणाचं हाय हे?"

"तुमचं, अप्पा. कागदावर तुमचंच नाव हाय."

"मी कुटं कागद केला?"

तेव्हा तिने सांगितले. मागल्या वर्षी, दुष्काळात, रेशनकार्डाचा फॉर्म म्हणून तिने अर्जदाराची सही घेतली होती. ज्वारीच्या रांगेतून अर्जदार नुकताच रिकाम्या पिशवीने परत आला होता. रेशनचे नाव ऐकून त्याने न वाचता सही केली. तो हाच मागणीअर्ज. सोडतीची पत्रे तिच्या कचेरीच्या पत्त्यावर येत होती, शेवटचे वाटपपत्र तेवढे अर्जदाराच्या नावे चाळीच्या पत्त्यावर आले. अनामत तिने दोन वर्षे महिन्याला एक्केचाळीस रुपये बाजूला टाकून भरली आणि पुढचे एकाहत्तर रुपयांचे हप्तेही तीच भरणार होती.

अर्जदार मोठ्याने ओरडला की, सिद्धप्पाने केले तेच पोटच्या पोरीने केले. महानंदा घाबरली नाही. ती म्हणाली, "खरं सांगितलं असतं तर सही केली असती का तुमी?"

अर्जदार वाळूच्या ढिगावर बसला. बिरदेवची अख्खी बिडी संपेपर्यंत त्याने विचार केला. उत्तर 'न्हाई' असे होते.

९. घरी येऊन पत्नी निंगव्वा हिस विचारले असता तिने तव्यावरची भाकरी उलटत सांगितले, "मला ठावं हुतं." म्हणजे तीन माणसांच्या घरात दोघींना माहीत होते आणि ज्याच्या नावावर घर, त्यालाच माहीत नव्हते. अर्जदाराने त्याच दिवशी तक्रार मागे घ्यायला हवी होती, हे तो कबूल करतो. परंतु तक्रार मागे घेताना पुन्हा सही करावी लागेल, आणि त्या सहीचा कोण काय अर्थ लावील, या विचारात आठवडा गेला.

१०. तेवढ्यात आपले दि. ४ नोव्हेंबरचे पत्र आले. त्यात सही बनावट ठरल्यास, मागणीअर्ज आणणारी व अनामत भरणारी म्हणून, कु. महानंदा हिच्याविरुद्ध फिर्याद देण्यात येईल व तिच्या खात्यास कळवण्यात येईल असे लिहून तिला दि. २० नोव्हेंबर रोजी खुलाशास बोलावले आहे. साहेब, सरकारी नोकरीत फिर्याद म्हणजे काय, हे आपण जाणता. दिवाळीत अर्जदाराच्या घरी पणत्या लागल्या, पण कोणी कोणाशी धड बोलले नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी महानंदाने एक कागद लिहून बापापुढे ठेवला. त्यात होते : "सदर सही मी केली आहे. वडिलांचा दोष नाही."

अर्जदाराने विचारले, "खोटं का लिहिलंस?"

ती म्हणाली, "सही तुमची ठरली तर तुमी सरकारात खोटी तक्रार केली असं हुतं. एकतीस वर्षांची नोकरी हाय तुमची. मला दुसरी मिळंल."

अर्जदाराने तो कागद चुलीत घातला. सबब, तसा दुसरा कागद आपल्याकडे आल्यास तो विचारात घेऊ नये.

११. अर्जदार याद्वारे लिहून देतो की, मागणीअर्जावरील सही त्याचीच आहे. ती कोणी कोरली नाही, उमटवली नाही. ती न वाचता केली हा अर्जदाराचा दोष असून खोट्या तक्रारीबद्दल जी शिक्षा असेल ती त्यास मान्य आहे. महानंदा हिचा काही गुन्हा धरू नये, वाटपावरील स्थगिती उठवावी व या महिनाअखेरीच्या मुदतीत ताबा द्यावा. मल्लप्पाने पाकीट फोडल्याबद्दलचा संशय मात्र अर्जदार मागे घेत नाही.

१२. आणखी एक विनंती. महानंदा हिने प्रथम मागणीअर्ज स्वतःच्याच नावे आणला होता. तो आपल्या खिडकीवरून परत करण्यात आला. कारकून म्हणाले, "उद्या लग्न होऊन जाल, मग गाळा कुणाचा?" या प्रश्नाचे उत्तर कार्यालयास अद्याप कोणी दिलेले दिसत नाही, ते अर्जदार देत आहे. गाळा तिचाच. ती लग्न करो अथवा न करो, इथे राहो अथवा कुठेही जावो. जाण्याचाच हिशेब असेल तर अर्जदाराचे वय बावन्न असून छातीत एकतीस वर्षांचा कापूस आहे. आधी कोण जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. तरी वाटपपत्रात तिचे नाव घालावे, व ते पहिले घालावे.

१३. दि. २० रोजी ती एकटी येणार नाही. अर्जदार पाळी बुडवून तिच्यासोबत येईल आणि आपल्यासमोर पाहिजे तितक्या वेळा सही करून दाखवील. हा अर्ज काल त्याने घरी मोठ्याने वाचून दाखवला. महानंदाने शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारल्या, आणि तीन आठवड्यांनंतर प्रथमच विचारले, "अप्पा, चहा टाकू का?"

आपला नम्र व सही कबूल असलेला,

(सही)
गुरुलिंग सिद्रामप्पा हविनाळे
सोलापूर, दि. १८ नोव्हेंबर १९७४

सोबत : १) अर्जदाराच्या नमुना सह्या, तीन. कामगार संघटनेच्या चिटणिसांसमोर केलेल्या.
२) ऑक्टोबरची पगारचिठ्ठी.
३) या अर्जाची दुसरी प्रत. तिच्यावर गोल शिक्का मारून परत द्यावी, अर्जदार खिडकीपाशी थांबला आहे.