बेसमेंटमधली अकरा खोकी

वॉटर्लू, १४ फेब्रुवारी २००९

चि. रविकांत यास,

थोरल्या भावाचे भरघोस आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत (हे वाचून लगेच निर्धास्त होऊ नकोस, पत्र अजून पुढे आहे). सौ. सुनंदाच्या गुडघ्यांचं काय म्हणणं आहे? तू रोज पहाटे टेकडीवर जातोस असं फोनवर सांगतोस, त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. आता तू म्हणशील, नंदादादा फोन करायचा सोडून पत्र का लिहीत बसलाय? कारण या घरात प्रत्येक खोलीत गरम हवेची जाळी आहे, आणि वर बोललेलं त्या जाळीतून थेट खाली बेसमेंटमध्ये ऐकू जातं. आणि खाली तो राहतो.

तो म्हणजे प्राध्यापक ओकेलो. सूनबाईंनी सप्टेंबरात बेसमेंट भाड्याने दिलं, मला न विचारता. गंधारला विचारलं होतं म्हणे, पण गंधारला विचारणं म्हणजे फ्रीजला विचारण्यासारखं आहे. हा गृहस्थ युगांडाचा, वय अठ्ठावन्न, इथल्या विद्यापीठात वर्षभर संशोधनासाठी आलेला. डॉक्टर आहे असं कळल्यावर मी माझ्या ॲसिडिटीचं विचारायला निघालो, तर सूनबाई ईशानी म्हणते, "बाबा, ते पॅथॉलॉजिस्ट आहेत. पेशंट नाही बघत, टिश्यू बघतात. प्लीज त्यांना त्रास देऊ नका." आता मला सांग, पेशंट न बघणारा डॉक्टर म्हणजे काय? मी एकतीस वर्षं कात्रजच्या जकात नाक्यावर उभा होतो, ते काय ट्रक न बघता? बरं, येताना सामान काय, तर कपड्यांची एक चिमुकली बॅग आणि दोरीने आवळलेली अकरा खोकी. कॅनडाचा हिवाळा काढायला आलेला माणूस स्वेटर एक आणतो आणि खोकी अकरा! केळ्यांच्या घडांखाली साजूक तुपाचे डबे पकडलेत मी, रवी. माझे कान तिथेच टवकारले. त्यात पहिल्याच दिवशी ईशानीने ताट पुढे केलं, तर कुणी न सांगता हा म्हणाला, "आ, चपाती!" याला शब्द कुणी शिकवला? (त्यांच्याकडेही चपातीच म्हणतात, असं नंतर कळलं. पण नंतर.)

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो माझ्या मानेकडे बघायचा. मी चहाचा घोट घेतला की त्याची नजर मानेवर. मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत असलो की हा शेजारी येऊन विचारणार, मफलर घट्ट होतो का? अरे, माझा मफलर, माझी मान, तुला काय करायचंय? गंधारला सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, यू आर इमॅजिनिंग थिंग्ज," आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं.

डिसेंबरात एक दिवस ओकेलो व्याख्यानाला टोरांटोला गेला, ही दोघं ऑफिसला. मी घर गरम ठेवणारा फर्नेस नीट चालतोय का ते बघायला खाली उतरलो (फर्नेस कसा दिसतो हे मला अजून माहीत नाही). तीन खोकी उघडली. आत काय असावं? प्लॅस्टिकच्या चपट्या डब्या, आणि प्रत्येकीवर मेणाची वडी. वडीत सुपारीच्या खांडाएवढा तपकिरी तुकडा. शेकडो! प्रत्येकीवर नंबर, आणि सोबत एक फाटकी वही. वही उघडली. मुलगा, वय सहा, जबडा. मुलगी, वय चार, जबडा. स्त्री, वय चौतीस, मान. रवी, मी तिथेच खालच्या पायरीवर बसलो. प्रत्येक वडी म्हणजे एक माणूस होता रे. मला फार लाज वाटली. मग मी उठून एकेक वडी नंबराप्रमाणे लावली (त्याने वेड्यावाकड्या भरल्या होत्या, अगदी गलथान), खोकी बंद केली, नवी चिकटपट्टी लावली आणि वर येऊन गुपचूप टीव्ही लावला.

आणि हात जोडून सांगतो, हसू नकोस. एकतीस वर्षांची सवय! चिकटपट्टी लावल्यावर मी तिच्यावर आडवी सही ठोकली होती. लफ्फेदार, पूर्ण नावाची, खाली तारीख, वर ठसठशीत मराठीत "तपासले". तीनही खोक्यांवर. हे मला आठवलं कधी, तर संध्याकाळी ओकेलो एक खोकं छातीशी धरून वर आला आणि त्याने ते जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवलं तेव्हा. ईशानीचा चेहरा पांढराफटक. "बाबा, तुम्ही त्यांचं सामान उघडलंत?" मी म्हणालो, नाही. सहीकडे बघत म्हणालो! ओकेलोने फक्त त्या शब्दाचा अर्थ विचारला. मी सांगितला. तर तो गडी असा हसायला लागला की त्याला खुर्ची द्यावी लागली. म्हणाला, ही खोकी आजवर चार कस्टमवाल्यांनी उघडली, एकाने तर हे खायचं आहे का म्हणून विचारलं, पण आतला माल नंबराने लावून वर जबाबदारीने सही करणारे तुम्ही पहिलेच. उरलेली आठ कधी तपासता?

तर जानेवारीपासून मी त्याचा बिनपगारी कारकून आहे. दुपारी दोन ते चार. तो भिंगातून बघतो, मी नोंदी करतो. तीस वर्षं हा माणूस तालुक्या-तालुक्याच्या इस्पितळांत एसटीसारख्या बसने जायचा, आणि अडगळीत फेकायला काढलेल्या या वड्या मांडीवर खोकं घेऊन परत आणायचा. मुलांचे जबडे सुजायचे, गाठीचा तुकडा मेणात राहायचा, मुलं जायची, नेमका रोग कोणता ते ठरवायला तिकडे यंत्र नव्हतं. इथे यंत्र आहे, वीस वर्षांपूर्वीच्या मेणातूनही ते सांगतं. मी विचारलं, अहो, माणसं तर गेली, आता कळून कुणाला उपयोग? तो म्हणाला, त्यांच्या घरातली बाकीची आहेत ना.

उत्तर चांगलं होतं, पण मी पाघळलो नाही. कारण मानेकडे बघणं चालूच होतं. शेवटी मीच विचारलं, काय दिसतंय तुला? तर म्हणाला, डाव्या बाजूला गाठ आहे, घोट घेतला की वर सरकते. कधीपासून? मी म्हणालो, ती सूनबाईंच्या चीजची चरबी आहे. त्याने विचारलं, घरात आणखी कुणाला होती? मी म्हणालो, कुणालाही नाही. अकरा खोकी भरून झाली, आता याला बारावं माझ्यापासून सुरू करायचंय, एवढं न कळायला मी काय काल नाक्यावर लागलोय? असो. अशा गोडबोल्या माणसांपासून चार हात लांब राहावं, हे सांगायला पत्र लिहिलं. सुनंदाला आशीर्वाद.

तुझा,
नंदादादा

ता. क. : तुझी नीरजा मार्चमध्ये इकडे येते आहे, तिच्याबरोबर लाल कापडी पाठीच्या दोन लांब वह्या पाठव. इथल्या वह्यांना रकाने धड नाहीत.

ता. क. २ : गोदरेजच्या कपाटात सगळ्यात खाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. आईचे कागद. त्यात एक्याऐंशी सालची काचपट्टी आणि मेणाची वडी आहे, मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा म्हणून इस्पितळाने आपल्या हातात दिलेली. आपण दाखवणार होतो, त्याआधीच आई गेली. दर दिवाळीला तू तो डबा टाकायला काढायचास आणि मी भांडायचो. अजून टाकला नसशील तर तो नीरजाच्या हातातल्या बॅगेतून पाठव. कस्टमवाल्याने विचारलं तर खरं सांगायचं, आमच्या आईचं आहे.

ता. क. ३ : शेवटी मी ओकेलोला आईच्या मानेतल्या गाठीचं सांगितलं. मंगळवारी तोच गाडी चालवत मला इथल्या इस्पितळात घेऊन गेला. मानेत सुई घालून नमुना काढलाय, निकाल यायचाय. मला भीती वाटते, रवी. गंधारला सांगितलं तर तो लहान मुलासारखा रडला, म्हणून तुला फोन केला नाही. ओकेलो म्हणतो, आईचं आणि माझं एकच निघालं तर ते तुझ्यातही असू शकतं, आणि लवकर सापडलं तर बरं होतं. तेव्हा हे वाचून झाल्यावर आरशासमोर उभा राहा, पाण्याचा घोट घे आणि मान बघ. मग डॉक्टरकडे जा. जाऊन आलो असं तू फोनवर सांगशील, ते मी मानणार नाही. कागदावर "तपासले" लिहून, खाली डॉक्टरांची आणि सुनंदाची, दोघांची सही घेऊन पाठव.