अकरा विरुद्ध एक, म्हणजे हार

तीर्थरूप ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर वाकत नाही, तेव्हा तो मनातल्या मनात घातला असं समज.) तुझं ब्लडप्रेशर, भाच्याची नोकरी आणि सूनबाईंचा स्वभाव, तिन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. इथे मी मजेत आहे. तुझी भावजयही मजेत आहे, फक्त गुडघ्यांमुळे आठ महिने झाले, चौथ्या मजल्यावरून खाली उतरलेली नाही. खालच्या बाकावरच्या मैत्रिणींशी ती गॅलरीतून ओरडून बोलते, त्यामुळे त्या सगळ्यांची गुपितं इमारतीला पाठ झाली आहेत.

म्हणून इमारतीला लिफ्ट बसवावी, असा ठराव मी मांडला आणि पंधरा दिवस घरोघर फिरलो. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, वरच्यांच्या गुडघ्यांशी आमचा काय संबंध? त्यांना मी आमच्याकडे चहाला बोलावलं आणि धापा टाकत वर पोचल्यावर, अरेच्चा, बिस्किटं राहिली की, म्हणून पुन्हा खाली पिटाळलं. चहा गार व्हायच्या आत ते आमच्या बाजूचे झाले.

गेल्या रविवारी जिन्याखाली मतदान झालं. मतपेटी म्हणजे बुटांचं खोकं. अठरा घरं, घरटी एक मत. बारा चिठ्ठ्या पडल्या. अकरा बाजूने, एक विरोधात. काय सांगू तुला ताई, अकरा विरुद्ध एक! मी तिथल्या तिथे मिठाई वाटली (दातांच्या डॉक्टरांनी तीन तुकडे खाल्ले) आणि लोकशाहीवर चार शब्द बोलायला उभा राहिलो. भाषण ऐन रंगात आलं असताना आमचे सेक्रेटरी नियमांची वही घेऊन उठले. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, बारीकसारीक काही सुटत नाही. त्यांनी वाचून दाखवलं की मोठ्या कामाला दोन तृतीयांश मतं लागतात, आणि तीही हजर असलेल्यांची नव्हे, एकूण सभासदांची. म्हणजे बारा. जो आला नाही त्याचा नकार धरायचा. कुठेतरी घोरत पडलेल्या सहा माणसांनी, कूससुद्धा न बदलता, मला पाडलं होतं! मी तावातावाने विचारलं, असला मूर्ख नियम लिहिला कुणी? घड्याळवाल्यांनी वही माझ्या नाकासमोर धरली. अक्षर माझं होतं.

तुला आठवत असेल, वीस वर्षांपूर्वी सभेला तीनच माणसं आली होती आणि दोन विरुद्ध एक अशा दणदणीत बहुमताने इमारत जांभळी झाली. तेव्हा मीच चवताळून हा नियम करायला लावला होता. वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटला. वीस वर्षांत कुणाला त्यात फट सापडलेली नाही.

लेखी मत महिनाअखेरपर्यंत चालतं. गैरहजर सहांपैकी चार घरांना कुलूप आहे आणि मालकांचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही. पाचवे गाण्याचे मास्तर. ते म्हणाले, मी तटस्थ आहे. म्हटलं, मास्तर, वहीप्रमाणे तटस्थ म्हणजे नाही. म्हणाले, छे छे, मी नाही कुठे म्हणतोय? मग हो म्हणा. म्हणाले, मग तटस्थ कसा राहीन? तासभर हेच चाललं. शेवटी त्यांनीच मला सरबत पाजून घरी पाठवलं. माणूस तसा चांगला आहे.

सहाव्या घराचं खाली लिहितो. बाकी सर्व ठीक. भाच्याला आशीर्वाद, सूनबाईंना त्यांच्या कलाने सांग.

तुझा, स्वतःच्याच कलमात अडकलेला,
धाकटा

ता. क. सहावं घर तळमजल्यावरचं, म्हणजे तुझं. सोबत मताचा फॉर्म आहे. ‘होकार’पुढे सही कर आणि लगेच पाठव. तिकीट लावलेलं पाकीट आत ठेवलं आहे.

ता. क. २. एक बारीकशी गोष्ट राहिली. लिफ्ट तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येणार. उजेड थोडा कमी होईल. (घड्याळवाले म्हणतात, सगळाच जाईल. त्यांना नको तितकं अचूक बोलायची खोड आहे.) पुढच्या वर्षी तू कायमची इथे राहायला येणार आहेस, हे माझ्या लक्षात आहे.

ता. क. ३. पाकीट बंद करणार तोच तुझ्या भावजयीने पत्र मागून घेतलं, वाचलं, आणि सांगितलं की विरोधातलं ते एक मत तिचं. घर तिच्या नावावर, तेव्हा मतही तिचंच. (मला मत नाही, हे प्रचाराच्या धांदलीत मी कुणाला बोललो नव्हतो.) तिला जिना उतरवत नाही, म्हणून तिची घडी घातलेली चिठ्ठी मीच मोठ्या ऐटीत खाली नेऊन खोक्यात टाकली होती. म्हणते, ताईंना न विचारता त्यांचा उजेड घेऊन मला खाली उतरायचं नाही. सही मागू नका, आधी विचारा. फॉर्मवर ‘नकार’ हाही रकाना आहे, आणि तिथे सही केलीस तर ती जन्मात राग धरणार नाही. मीही नाही. (दोन दिवस धरेन.) तेव्हा ताई, नीट विचारतो. चालेल का तुला?