खंडेनवमीला घासलेले व्हॉल्व्ह

माय, तू गेल्यावर इतक्या वर्षांनी तुला पत्र लिहिणं म्हणजे वेडेपणाच. तू होतीस तेव्हाही माझं पत्र तू वाचत नव्हतीस. पोस्टमन वाचायचा आणि मधला सगळा मजकूर गिळून ‘पोरगा खुशाल हाये’ एवढंच सांगायचा. आता तोही नाही, त्यामुळे मोकळेपणानं लिहितो. विषय मात्र संस्कृतच्या मास्तराला न शोभणारा आहे: आपल्या ट्रकचं इंजिन.

स्वातंत्र्यानंतरच्या पाच-सात वर्षांतली ती दसरा-दिवाळीची सुटी. मी नागपूरच्या पाठशाळेतून समुद्रपूरला आलो, तर सपरीत, जिथं पाहुणे बसायचे तिथं, इंजिन बसलेलं. बाबांच्या ट्रकचं जुनं इंजिन फुटलं होतं, म्हणून लष्कराच्या लिलावातलं हे वापरलेलं त्यांनी आणलं, तेही बैलगाडीतून. कापसाच्या हंगामाआधी ते चालू झालं नाही तर हिंगणघाटच्या जिनिंग कारखान्यांची भाडी दुसऱ्याला जाणार होती. आणि चालू झालं की बाबा जाणार होते. हंगामात त्यांचं घरी येणं म्हणजे जेवण, झोप आणि पुन्हा हॉर्न. इंजिन उघडं आहे तोवरच ते तुझे होते, हे आपल्या घरात कुणी बोललं नाही, पण मांजरालाही ठाऊक होतं.

बाबांनी डोळे मिटून सिलिंडरच्या आत बोट फिरवलं, वैद्य नाडी बघतो तसं. “मिलिटरीवाल्यायनं वापरलं कमी, पळवलं जास्त,” म्हणाले. मग त्यांनी व्हॉल्व्ह काढून एका फळीवर ओळीनं मांडले, कारण प्रत्येक व्हॉल्व्ह घासून घासून आपल्याच जागेला जुळलेला असतो, दुसऱ्याच्या जागी तो नीट बसत नाही. आठच होते, म्हणून मी त्यांना विभक्तींची नावं देऊन टाकली. बाबांनी ती लगेच उचलली. “तुह्या षष्ठीवर लय काजळी हाये रे.”

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. बाबा आंघोळ करून आले, तर पाटावर नटबोल्टचे पाने, हातोडा आणि आठही व्हॉल्व्ह, चिंच-राखेनं लख्ख घासलेले, हळदकुंकू लावून, मोठे मागे, लहान पुढे, फोटोला बसवल्यासारखे.

“काऊन वं, हे कोनं केलं?”

“कोन करन? पूजेले काय मळके ठेवू?” तू म्हणालीस.

“अवो, ज्याचा त्याचा नंबर होता त्याले!”

“देवापुढं कायचा नंबर जी?”

सणाच्या दिवशी बाबांना रागावताही येईना. ते माझ्याकडे वळले. “पंडित, वळख आता तुही षष्ठी.” मी बराच वेळ पाहिलं. सगळ्याच सवाष्णी दिसत होत्या.

झालं. सगळे व्हॉल्व्ह पुन्हा घासून नव्यानं जुळवणं आलं. टोकाला रबरी वाटी असलेली काठी व्हॉल्व्हला चिकटवायची, कडेला खरखरीत मलम लावायचं आणि काठी दोन तळव्यांत धरून मागंपुढं फिरवायची, ताक घुसळल्यासारखी. ते काम तू घेतलंस. बाबा शेजारी बसून तुला हैदराबादच्या रस्त्यावरचे किस्से सांगत होते, तू “खोटं नोका बोलू” म्हणत हसत होतीस. भाकरी गरमही असते हे बाबांना त्या दिवसांत कळलं असावं.

एक सांग. चुलीपाशी बसून तुला फडताळातली पळी हललेली कळायची. त्या हातांनी आठ व्हॉल्व्हची सरमिसळ चुकून झाली? तेव्हा हे मला सुचलं नाही. व्याकरण शिकून पोरगा हुशार झाला, असं तूच गावभर सांगत होतीस.

शेवटच्या व्हॉल्व्हची परीक्षा आली. हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात ते इंजिनाचं वरचं झाकण, खाली कागद घालून उलटं ठेवलं आणि बाबांनी त्यात रॉकेल ओतलं; थेंब पाझरला तर व्हॉल्व्ह अजून जुळला नाही. आपण तिघंही वाकून बघत होतो. खालचा कागद ठणठणीत कोरडा. बाबांनी तो उचलला, चुरगाळून खिशात घातला आणि म्हणाले, “पाझरून राह्यलं थोडं. अजून घासजो वं.” तू त्यांच्या खिशाकडे पाहिलंस, मग त्यांच्याकडे. “बरं जी,” म्हणालीस आणि काठी उचललीस. मी उठून विहिरीवर गेलो. सपरीत माझं काही काम उरलं नव्हतं.

दिवाळी झाली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. बाबा गेले. तू सपरीतला तेलाचा डाग शेणानं सारवलास, दुसऱ्या दिवशी पुन्हा सारवलास.

आता मी वर्ध्याला असतो. तुझी सून तुझ्याकडे आली, नातू पुण्याला. माझं संस्कृत चांगलं आहे. बोलायला कुणी नाही, त्यामुळे चुकतही नाही. हे पत्र पेटीत टाकणार नाही, पोस्टमन नवा आहे, त्याला सवय नाही. फक्त एवढं सांगायचं होतं: काल रेडिओ दुरुस्त करणारा आला होता. काम लवकर झालं. पिशवी उचलत “आनखी काही, गुरुजी?” म्हणाला. मी म्हटलं, जरा पंखाही बघ, आवाज करतो.

पंखा चांगला आहे, माय.