सारवलेल्या खळ्यावरची किक

सर,

आज जमलं! सकाळी साकोलीच्या हॉलमध्ये, माझ्या कराटे क्लासच्या त्याच मेल्या रबरी मॅटवर, मी उजव्या पायाची राउंड किक मारली आणि टेकलेल्या डाव्या पायाच्या गुडघ्यानं हूं की चूं केलं नाही. पुन्हा मारली, तरी नाही. पोरी टाळ्या वाजवायला लागल्या. त्यांना वाटलं, मॅडम काहीतरी नवीन दाखवताहेत. मला तर तिथंच नाचावंसं वाटत होतं. घरी येऊन चहा ठेवला, तो उतू गेला, आणि गॅस पुसायचा सोडून मी तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते, आता मी तुमच्या तेव्हाच्या वयाची होत आले. पण ही बातमी दुसऱ्या कुणाला सांगून माझं समाधान होईना.

गेली दोनेक वर्षं हा गुडघा मला छळत होता. जिना उतरताना कळ, उकिडवं बसलं की कळ, आणि राउंड किकला तर डोळ्यांसमोर काजवे. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी नीट तपासलं. म्हणाले, आत काही फाटलेलं नाही, मांड्यांत ताकद आणा आणि गुडघ्याला पीळ कुठं पडतो ते शोधा. ताकद आणली मी. भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखी बसायचे, पाय थरथरेपर्यंत. पीळ मात्र सापडेना. माझ्या एकटीचं असतं तर मी दात-ओठ खाऊन सोसलंही असतं. पण गेल्या महिन्यात एकोडीहून येणारी एक पोरगी किक मारता मारता गुडघा धरून खाली बसली. मी मारते तशीच किक पोरी मारतात, सर. म्हणजे किकबरोबर दुखणंही मीच शिकवत होते. मी ठरवून टाकलं, उन्हाळ्याच्या आत हा पीळ सापडला नाही तर क्लासला कुलूप.

तुमचं सानगडीचं खळं आठवायचं. धानाची मळणी आटोपली की तुम्ही ते आम्हा पोरींकडूनच सारवून घ्यायचात आणि कडेच्या लाकडी खुर्चीत बसायचात. आम्ही रांगेनं तुमच्यापुढं वाकून 'ओस!' म्हणायचो, की क्लास सुरू. उठताना तुम्ही दोन्ही हातांनी मांड्या दाबायचात. नागपुरात तरुणपणी बेडूकउड्या मारून मारून तुमचे गुडघे गेले होते, म्हणून आमच्याकडून तुम्ही एकही बेडूकउडी मारून घेतली नाही. "माहे गेले तेवढे पुरे झाले," म्हणायचात, "तुमचे मी नाई जाऊ देत." आधी अंग गरम, मग पवित्रा, मग किक, आणि किकही हवेत झटकायची नाही, गेली तशी परत आणायची. पवित्र्यात तुम्ही गुडघ्यावरून एक बारीक खडा खाली सोडायचात. तो पायाच्या दुसऱ्या बोटावर पडला तर शाबासकी, अंगठ्याच्या आत पडला तर बोलणी. एकदा मी सगळ्यांहून खाली बसून दाखवायला गेले. मी बसले आहे, मांड्या भरून आल्या आहेत, आणि खडा पडतो तो अंगठ्याच्या पार आत. "कोनाले दाखवून राहिली वं? पेलते तेवढंच बस!" तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात. मला इतका राग आला की घरी जाऊन जेवले नाही. आणि रोजचं एक ओरडणं तर ठरलेलंच: "गुडघा उघडते अन् मिटते, तो फिरत नाई. फिरवाची ते टाच!" मला वाटायचं, सर उगाच घसा कोरडा करताहेत, माझी टाच तर आपोआप फिरते.

रविवारी तुमच्या घरी गेले होते. काकू आता थकल्या आहेत, पण तुमच्या खळ्याचा एक तुकडा अजून स्वतः सारवतात, लाखोळीच्या डाळीचे दाणे वाळवायला. त्या सुपं आणायला आत गेल्या, आणि अनवाणी पायांना ते सारवण लागलं तशी मला राहवेना. मी हळूच एक किक मारली. दुखलं नाही! दुसरी मारली, जरा जोरात. नाही दुखलं!

"अवो बाई, काय करून राहिली तू?" काकू दारातून ओरडल्या. "पडशीन! न मले तिथं लाखोळी पसरवाची हाय."

"काकू, दुखत नाई!"

"मंग दुसरीकडं जाऊन नको दुखू दे!"

मी खाली पाहिलं. टेकलेल्या पायाखाली सारवणावर धुळीत चांगला अर्धगोल उमटला होता. सर, तुमचं खळंच माझा पाय फिरवत होतं! मी कधी टाच फिरवलीच नव्हती. रबरी मॅट पाय घट्ट धरून ठेवते. वरून कंबर फिरते, खालून पाऊल हलत नाही, आणि सगळा पीळ मधल्या बिचाऱ्या गुडघ्यात. आणि ह्या मॅट आल्या तेव्हा मी आख्ख्या हॉलला पेढे वाटले होते!

आज सकाळी पोरींना खडूनं मॅटवर अर्धगोल काढून दिले. आधी टाच उचलून किकच्या दिशेला फिरवा, मग कंबर, मग पाय, तोही गुडघ्याच्या उंचीपर्यंतच. एकोडीची पोरगी आधी घाबरली. दोनदा टाच विसरली, दोनदा मी तुमच्याच सुरात ओरडले. तिसऱ्यांदा तिची टाच फिरली, किक गेली, परत आली, आणि ती जागच्या जागी उडी मारत ओरडली, "मॅडम, नाई दुखलं!" माझे डोळे भरून आले, ते मी घाम पुसायच्या निमित्तानं पुसले. क्लास चालू राहणार, सर.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. घडी करून कपाटात काळ्या बेल्टखाली ठेवून देईन. फक्त एक गोष्ट रविवारपासून मी घरात कुणाला बोललेले नाही. खळ्यावर गुडघा दुखला नाही, तेव्हा मी आधी वळून पाहिलं ते तुमच्या खुर्चीच्या जागेकडं. तुम्ही पाहिलंत की नाही, ते बघायला. तिथं लाखोळीचं पोतं उभं होतं. मी त्या पोत्यापुढं वाकले आणि 'ओस!' म्हणाले, चांगलं मोठ्यानं. काकूंनी पाहिलं. लाखोळी पसरायला त्यांनी ते पोतं तिथंच राहू दिलं आणि दुसरं उचलून आणलं.