मांजराखालची पेटी

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे साष्टांग मनातल्या मनात समजून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? मेहुण्यांचा खोकला? मांजराची खुशाली विचारत नाही, ती साऱ्या जगाला ठाऊक आहे.

आमच्या संग्रहालयाने लोकांना सांगितलं, घरातल्या जुन्या वस्तूंचे फोटो पाठवा, आम्ही ते इंटरनेटवर लावू. आले की चार हजार! तीनशे तर नुसती शिवणयंत्रं. एका जावयाने जुनी वस्तू म्हणून सासऱ्यांचाच फोटो पाठवला. हे सगळं निवडायचं कोणी, तर मी, एकट्या संग्रहपालाने (डोळ्यांवर पाणी मारमारून). तेवढ्यात तू बाबांच्या पेटीवर पसरलेल्या तुझ्या मांजराचा फोटो पाठवलास आणि त्याला आठशे लाइक पडले. ताई, बावीस वर्षांत माझ्या कामाला आठ माणसांनीही चांगलं म्हटलेलं नाही.

झालं! संग्रहालयाच्या समितीच्या बाई म्हणाल्या, लोक आपलं आपण निवडतात, तर दर्शनी कपाटात मांजराचाच मोठा फोटो लावू आणि संग्रहपालाची जागा रद्द करू. मी मुळातला मुखदुर्बळ (घरी तर विचारूच नकोस), पण त्या दिवशी कुठून अवसान आलं कोण जाणे. उभा राहिलो आणि म्हणालो, "आठशे जणांनी मांजर पाहिलं. मांजराखाली काय आहे, हे एकाने तरी विचारलं का?"

मग मीच सांगितलं, की ही छापखान्यातली खिळ्यांची, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांची पेटी, अक्षरागणिक वेगळा खण. आमचे वडील न बघता हात घालायचे आणि हवं ते अक्षर उचलायचे. बाई चष्मा पुसून फोटो पुन्हा बघत राहिल्या. शुक्रवारी पेटी नीट मांडून दाखवा, म्हणाल्या, मग जागेचं ठरवू.

तुझा,
धाकटा

ता. क. पेटी घराबाहेर जाणार नाही, असं तू बाबा गेल्यापासून म्हणतेस. चारच दिवस दे गं. मांजराची सोय म्हणून माझी जुनी शाल पाठवतो.

आणखी ता. क. कोणत्या खणात कोणतं अक्षर, ते मला येत नाही. बाबांशेजारी स्टुलावर बसून शिकलीस ती तू. मी तेव्हा उनाडक्या करत होतो. समितीला मात्र मला सगळं ठाऊक आहे असं सांगून बसलोय. पेटीबरोबर तूही ये. तू अक्षरं सांग, मी चिठ्ठ्या चिकटवीन. संग्रहपाल म्हणून मला तेवढंच येतं.