चार बोटांच्या निऱ्या

२१ नोव्हेंबर, गुरुवार. उम्म अल हस्सम, आखात.

माझ्या शिवणाच्या दुकानात आज कारागीर मंदाला मी गिऱ्हाइकासमोरच फाडून खाल्लं. त्या स्कॉटिश गिऱ्हाईक बाईंचा किल्ट, म्हणजे त्यांच्याकडचा चुण्यांचा घागरा, कापड त्यांच्या घराण्याच्या चौकड्यांचं. प्रत्येक चुणीत एक अख्खी चौकडी मुडपायची, म्हणजे मागे लाल रेघ जिथल्या तिथे येते. मंदाने काय केलं? लुगड्यासारख्या चार-चार बोटांच्या निऱ्या घातल्या. लाल रेघ कुठे आहे, कुठे नाही.

"स्कॉटलंडच्या कापडाचं गुहागरचं लुगडं केलंस," मी म्हणाले. बाई हसून "इट्स ओके" म्हणत होत्या, तरी मी थांबले नाही. "तुझा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय ना? रिन्यू करणार नाही. खलास."

"ताई, अकरा वर्षं झाली हो. पोरीचं बारावीचं वर्ष आहे."

"दुकानात मॅडम म्हण. आणि पोरीला तरी टेपने मापायला शिकव."

इतकं बोलायची गरज होती? होती. चूक ती चूक.

किल्ट घरी आणून उसवला. मंदा टाके किती सारखे घालते! पहिली चुणी नव्याने धरली आणि बघते तर माझीच बोटं, आपोआप चार. तिला हे शिकवलं कोणी? मीच. ती आली त्या पहिल्याच आठवड्यात तिच्या हातातली टेप काढून घेतली होती. "बोटं असताना टेप कशाला गं?" असं म्हटलं होतं.

लाल रेघ जुळली एकदाची. मंदाला यातलं काही सांगणार नाही. आणि व्हिसा? तो रिन्यू करणार नाहीच.